आवाज वाढवायचा की जवळ आणायचा?

मंडळी, गेली दोन वर्षं आमच्या बोईसरच्या घरात रोज संध्याकाळी साडेसातला एक भांडण ठरलेलं असे. विषय एकच, टीव्हीचा आवाज किती नंबरावर ठेवायचा. सूनबाईंचं म्हणणं १४. नातू यंदा दहावीला, त्याचं म्हणणं बंदच ठेवा. आणि आमच्या हिचं म्हणणं ३४. बरं, ३४ वर ठेवूनही ही पुन्हा मलाच विचारणार, "अहो, काय म्हणाली ती?" म्हणजे खालच्या मजल्यावरच्यांना मालिका तोंडपाठ, आणि जिच्यासाठी लावली तिच्या पदरात काही नाही.

मग हे भांडण आपोआप मिटलं. ही बाहेरच्या खोलीत येईनाशीच झाली. संध्याकाळी आत वाती वळत बसायची. विचारलं तर म्हणे, "मला नाही आता त्या मालिका आवडत." संसाराला पन्नास वर्षं होत आली, हिला काय आवडतं आणि काय नाही ते मला कळतं. घर शांत झालं म्हणून बाकीचे खूश होते. मला ती शांतता बरी वाटेना.

त्यातून सुटण्यासाठी मी जी खटपट केली तिच्याबद्दल आज लिहितोय, आणि त्या खटपटीतून माझं एक मत बनलं त्याबद्दल. मी मराठी माध्यमातला बी.ए. आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, २०१० साली पालघरच्या शाळेतून निवृत्त झालो. ध्वनिशास्त्रावर बोलायचा मला काडीचा अधिकार नाही. जाणकारांनी चुका जरूर दाखवाव्यात. (आमच्या पुण्याच्या मेव्हण्यांना हे सांगावं लागणार नाही!)

तर आधी कानाचे डॉक्टर. त्यांनी हिला एका बंद खोलीत बसवून बारीक-जाड शिट्ट्या ऐकवल्या आणि एक आलेख काढून दिला. डावीकडे रेघ बरी होती, उजवीकडे घसरगुंडीसारखी खाली गेलेली. डावीकडे खर्जाचे सूर, उजवीकडे वरचे. वयानुसार बहुतेकांचं असंच होतं म्हणाले, आधी वरचे सूर जातात. पुढे त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी खुर्चीत सावरून बसलो. बोलण्यातले स्वर, म्हणजे अ, आ, ओ, हे खालच्या सुरांत असतात आणि त्यांच्यात जोर असतो. स, श, त, क, च ही व्यंजनं वरच्या सुरांत आणि मुळातच क्षीण. त्यामुळे हिला साप, ताप, काप आणि चाप हे चारही शब्द जवळजवळ सारखेच ऐकू येतात. नुसतं 'आप'.

व्यंजनाचा उच्चार स्वराच्या आधाराशिवाय पूर्ण होत नाही, असं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून दिलं. इथे माझ्याच घरात स्वर शिल्लक राहिले आणि व्यंजनं गेली!

आता आवाज ३४ वर नेला की काय होतं? सगळंच वाढतं. जे आधीच ऐकू येत होते ते स्वर बदाबदा अंगावर येतात आणि बिचारी व्यंजनं त्यांच्याखाली दबून जातात. शिवाय अशा कानांना मोठा आवाज लवकर टोचतो. म्हणून तर "ऐकू येत नाही" आणि "केवढ्याने लावलंय!" ही दोन्ही वाक्यं ही पाच मिनिटांच्या अंतराने म्हणायची आणि आम्ही सगळे हसायचो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

त्यात हल्लीचे टीव्ही भिंतीवरच्या कॅलेंडरसारखे सपाट. त्यांचे स्पीकर खालच्या कडेला नाहीतर पाठीमागे असतात. आवाज आधी भिंतीवर किंवा जमिनीवर आपटणार, मग आपल्याकडे येणार. धडधाकट कानाला ते चालून जातं.

ऐकण्याचं यंत्र घेतलं. ते ही सकाळी लावते आणि दुपारी डबीत ठेवते. "डोक्यात भांडी घासल्यासारखं होतं" अशी तक्रार. यंत्राची सवय व्हायला वेळ लागतो, ते नेटाने लावलंच पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही. खालचं सगळं वाचून कोणी यंत्र कपाटात टाकू नये.

आता मूळ विषय. नातवाने कुठल्याशा प्रकल्पासाठी ऑनलाइन एक वस्तू मागवली होती. बिस्किटाएवढी गोल, पाठीला वजनदार लोहचुंबक, पुढे चिकटपट्टी. दुकानदार त्याला एक्साइटर म्हणतात. स्पीकरमध्ये असतं तेच सगळं यात आहे, तारेचं वेटोळं आहे, चुंबक आहे, फक्त कागदाचा कोन नाही. ते ज्या वस्तूला चिकटवाल ती वस्तू थरथरते आणि बोलू लागते. पोराने घरातल्या सगळ्या वस्तूंना बोलतं केलं. कपाटाचं दार घोगरं बोललं. खिडकीची काच किनरी. पोह्यांच्या स्टीलच्या डब्याला लावल्यावर आकाशवाणीचे निवेदक खरोखरच डब्यातून बोलायला लागले.

मला एकदम आमच्या शाळेतला नादकाटा आठवला. विज्ञानाचे सर रजेवर असले की तो तास माझ्या गळ्यात पडायचा. मला येणारा प्रयोग एकच. नादकाटा रबरावर आपटून हवेत धरायचा, तो पुटपुटतो, पहिल्या बाकालाही धड ऐकू येत नाही. त्याची दांडी टेबलावर टेकवली की सगळ्या वर्गाला ऐकू येतो. काटा तोच, फटका तोच. हवा हलवायला त्याच्याकडे अंग नव्हतं, ते टेबलाने दिलं. मुलं मग आपापल्या बाकाला कान लावून टिचक्या मारत बसायची आणि माझा तास सुखाने पार पडायचा.

तंबोऱ्याचंही तेच. तारेला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतोच. ती घोडीवर टेकते, घोडी तबलीवर, आणि घोडीने तबली हलवली की घर भरतं. मिरजेचे कारागीर पंढरपूरकडचा भोपळा आणून दीडशेहून जास्त वर्षं हेच करत आले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते बरंच झालं. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली वीणा-तंबोऱ्याच्या घोडीवर निबंध लिहिला होता. नोबेल त्यांना प्रकाशाच्या कामाबद्दल मिळालं, पण तंबोऱ्याचं गूढ त्यांनाही पडलं होतं हे वाचून मला बरं वाटलं. तेव्हापासून एक्साइटरला मी घोडी म्हणतो. नातू हसतो, हसो. पुढच्या मजकुरात घोडी आली की तीच समजा.

सपाट पाटीचा स्पीकर ही कल्पना काही नवी नाही. आपण ज्याला स्पीकर म्हणतो तो कागदी कोनाचा, त्याची आजची घडण राइस आणि केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली मांडली. तो कोन पिचकारीच्या दट्ट्यासारखा पुढेमागे होतो. खालचे सूर चहूकडे पसरतात, पण सूर जसजसा वर जातो तसतसा आवाज बॅटरीच्या झोतासारखा समोरच पडायला लागतो. तुम्ही समोर असलात तर ठीक, कडेला बसलात तर वरचे सूर गुल. म्हणजे हिची व्यंजनंच! सपाट पाटी दट्ट्यासारखी हलत नाही. ती ठिकठिकाणी वेगवेगळी थरथरते, त्यामुळे वरचे सूरही बरेच पसरतात. १९९० च्या दशकात ब्रिटनच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेत केन हेरॉन नावाचे शास्त्रज्ञ विमानांमधला आवाज कमी कसा करावा हे शोधत होते. हलक्या आणि ताठ पाट्या फार छान बोलतात, असं त्यांच्या लक्षात आलं. गप्प करायला गेले आणि बोलकी करून बसले. पुढे त्यावर कंपनी निघाली, आणि २०१७ साली सोनीने असा टीव्ही आणला ज्याचा पडदाच बोलतो. त्याची किंमत ऐकून मी तो विषय तिथेच सोडला.

घरी करायचं ठरलं. खाली जे सांगतोय ते आमच्या चुकांसह सांगतोय.

पाटी हलकी हवी आणि ताठ हवी, दोन्ही एकदम. इथेच सगळी मेख आहे. प्लायवुड ताठ पण जड. फलकवाले वापरतात तो सनबोर्ड हलका पण मऊ, आवाज मेलेला. थर्माकोल उत्तम असं कळलं. पूर्वी गणपतीच्या मखरासाठी मी तापल्या तारेने थर्माकोल कापायचो, हात बसलेला होता. पण २०१८ पासून राज्यात सजावटीचं थर्माकोल बंद आहे (आणि ते योग्यच आहे). मग बोईसरच्या भंगारवाल्यांकडे गेलो. तारापूरच्या एमआयडीसीमुळे आमच्या भंगारात काय मिळत नाही! थंड खोल्यांच्या भिंतींत घालतात त्या फोमच्या पाट्यांचे उरलेले तुकडे मिळाले. थर्माकोलचाच भाऊ, पण दाणे नाहीत, घट्ट. २ सेंटिमीटर जाड. भंगारवाल्याने विचारलं, "काय करणार याचं?" मी म्हटलं, "बोलायला लावणार." त्याने पैसे कमी घेतले. दया आली असावी.

पाटी चौरस नको आणि लांबी रुंदीच्या बरोबर दुप्पटही नको, कारण मग सारखेच कंप एकावर एक चढतात आणि काही सूर किंचाळतात. आम्ही ५० बाय ६० सेंटिमीटरच्या दोन कापल्या. कोपरे थोडे गोल केले. फेविकॉलमध्ये निम्मं पाणी घालून दोन्ही बाजूंना हात दिला, वाळल्यावर पृष्ठभाग कडक होतो आणि आवाज मोकळा होतो. पहिल्यांदा मी एकाच बाजूला लावला. सकाळी पाटीची होडी झालेली!

घोडी कुठे चिकटवायची? माझ्या मते बरोबर मध्यात, देवघरात समई ठेवावी तशी. नातवाचं म्हणणं मध्यात नको. मग प्रयोग केला. पातळ प्लायचा एक तुकडा चार स्पंजांवर आडवा ठेवला, खालून घोडी लावली, वर चिमूटभर रांगोळी भुरभुरवली आणि मोबाइलवरून एकेक सूर वाजवत गेलो. एका ठरावीक सुराला रांगोळी धावत सुटली आणि रेघांमध्ये जाऊन उभी राहिली. जिथे पाटी हलते तिथून ती पळते, जिथे पाटी स्थिर असते तिथे जमते. जर्मनीच्या क्लाडनी या माणसाने १७८७ साली वाळू आणि व्हायोलिनचा गज घेऊन हेच दाखवलं होतं. सूर बदलला की नक्षी बदलते. बघत राहावं असं दृश्य आहे.

आवाज ऐकून म्हणा किंवा रांगोळीचा डबा दिसेना म्हणून म्हणा, ही आतून बाहेर आली. कमरेवर हात ठेवून बघत राहिली. जन्मभर रांगोळी काढलेली बाई. थोड्या वेळाने म्हणाली, "मध्ये ठेवलंत की चारी बाजूंना सारखंच होतंय. जरा सरकवा ना." सरकवली. आधी न उमटलेल्या नक्ष्या उमटायला लागल्या. पुष्कळ नक्ष्यांमध्ये मधल्या जागेवरूनच स्थिर रेघ जाते. तिथे घोडी ठेवली तर ते सूर पाटीतून निघतच नाहीत. शेवटी जाणकार सांगतात तीच जागा ठरली, एका कडेपासून पाचात दोन भाग आणि खालूनही पाचात दोन भाग. आमच्या पाटीवर २० आणि २४ सेंटिमीटर. "एवढी रांगोळी वाया घालवलीत," असं बोलून ही बसली, आणि तासभर उठली नाही.

बाकीचं थोडक्यात. तळहाताएवढा अॅम्प्लिफायर आणि १२ व्होल्टचा अडॅप्टर, दोन्ही नातवाने ऑनलाइन घेतले. एकूण खर्च तीन हजारांच्या आत. टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढली. बिनवायरचं ब्लूटूथ आधी लावून पाहिलं होतं, पण त्यात आवाज ओठांच्या मागे पडतो. आपल्याला ते फारसं जाणवत नाही. कमी ऐकणारी माणसं नकळत ओठ वाचत असतात, त्यांचा पार गोंधळ होतो. तेव्हा वायरच बरी. पाट्या लाकडी चौकटीत दोऱ्याने टांगल्या आणि भिंतीपासून वीतभर पुढे ठेवल्या, कारण पाटी पाठीमागेही तेवढंच बोलते.

एप्रिलमध्ये एक फजिती झाली. उकाड्याने चिकटपट्टी सैल पडली आणि रात्री दोन वाजता घोडी चुंबकासकट खालच्या पत्र्याच्या पेटीवर पडली. सगळी बिल्डिंग उठली. ही सोडून. मग पाठीमागून एक लाकडी पट्टी घालून चुंबकाला आधार दिला. तसा तो द्यायचाच असतो, मला उशिरा कळलं.

आता निकाल. एक पाटी हिच्या खुर्चीच्या उजवीकडे हातभर अंतरावर, दुसरी डावीकडे. बातम्या लावल्या. अर्धा मिनिट ही काही बोलली नाही. मग म्हणाली, "हा 'शेतकरी' म्हणाला." बास. एवढंच. मी आत जाऊन पाणी पिऊन आलो.

मोबाइलवरचं मोजमाप ढोबळ असतं हे मान्य करून आकडे देतो. पूर्वी हिच्या खुर्चीपाशी ७२ च्या आसपास डेसिबल व्हायचे आणि नातवाच्या टेबलापाशी ६०. आता खुर्चीपाशी ६२ आणि टेबलापाशी ४७. आवाज कमी झाला आणि कळायला जास्त लागलं.

मला वाटलं, पाटीने जादू केली. पण मास्तरकी अंगात मुरलेली, उत्तर बरोबर आलं तरी रीत तपासायची. म्हणून जुना कागदी कोनाचा एक डबा स्पीकर हिच्या शेजारी स्टुलावर ठेवून बघितला. तेव्हाही पुष्कळ फरक पडला! फक्त ही वळून बसली, किंवा वाती वळायला मान खाली घातली, की पुन्हा "काय म्हणाली ती?" पाटीच्या बाबतीत तसं होत नाही. शिवाय पाटी भिंतीवरच्या तसबिरीएवढी हलकी, खुर्चीजवळ टांगता येते, कोणाच्या पायात येत नाही. माझा हिशोब असा, रुपयातले बारा आणे श्रेय जवळ आणण्याचं, चार आणे पाटीचं. मोठमोठ्या सिस्टिम बाळगणारे आमचे ब्लॉगमित्र म्हणतील की या पाटीत खर्ज नाही. खरं आहे, नाही. तबल्याचा बायाँ या पाटीवर ऐकू नये, पोरकट वाटतो. बोलणं ऐकावं.

इथून माझं मत सुरू होतं.

ऐकू येत नाही म्हटलं की आपल्याकडे उत्तर एकच, वाढवा. गेल्या वर्षी एका सभागृहात ज्येष्ठांच्या कार्यक्रमाला गेलो होतो. व्यासपीठाच्या दोन बाजूंना स्पीकरच्या चळती. पहिल्या रांगेतले कानात बोटं घालून बसलेले, शेवटच्या रांगेतून "ऐकू येत नाही" म्हणून हात वर. सूत्रसंचालकांनी विचारलं, "आता येतोय का आवाज?" आणि अजून वाढवला. पुढचे चार जण उठून गेले.

यातलं गणित माझ्यासारख्या बी.ए.लाही जमतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून पहिली रांग २ मीटरवर आणि शेवटची ३२ मीटरवर धरा. २ चे ४, ४ चे ८, ८ चे १६, १६ चे ३२, चार वेळा दुप्पट, म्हणजे २४ डेसिबल. शेवटच्या माणसाला ७० हवे असतील तर पहिल्याच्या कानावर ९४ आदळणार. तेच आठ-दहा लहान स्पीकर बाजूंनी पेरले आणि प्रत्येक जण कुठल्यातरी एकापासून चार मीटरच्या आत आला, तर सगळ्यांना ७० मध्ये भागतं. बंद सभागृहात आवाज इतका उतरत नाही, पण घुमतो, आणि घुमण्यात व्यंजनं वाहून जातात. तिथे सपाट पाटीचा पसरटपणा उलट नडेल, हेही सांगून ठेवतो. तिथे पडदे लावा आणि साधे, लहान, नीट रोख धरलेले स्पीकर जवळ आणा. तत्त्व जवळ आणण्याचं आहे, पाटीचं नाही.

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. मिरवणुकीतल्या भिंतींबद्दल मी काही लिहीत नाही, सगळे लिहितात. फक्त आपल्या पालघर जिल्ह्यातली एक गोष्ट बघा. वारली पाड्यावर तारपा वाजतो. वाळक्या दुधी भोपळ्याचं पोट, बांबूच्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा मध्ये आणि नाचणारे हातात हात घालून त्याच्याभोवती. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतला तो वेटोळ्याचा नाच सगळ्यांनी पाहिलाय. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा टीव्हीवरही तोच घेर दाखवला. त्यात शेवटची रांगच नसते. वाद्य माणसांच्या मधोमध. आपण ते उचलून एका टोकाला नेलं आणि मग टोकापासून टोकापर्यंत पोचवण्यासाठी भिंती रचल्या.

आता जे लिहिणार आहे ते लिहावं की नाही याचा दोन दिवस विचार केला.

पाट्यांसाठी भंगारात हिंडत असताना एक माजी विद्यार्थी भेटला. पन्नाशी उलटलेला, एमआयडीसीत कापडाच्या मागांवर वीस वर्षं काढलेला. "सर, जरा मोठ्याने बोला," म्हणाला. मला वाटलं, मागांच्या खडखडाटाने कान गेले असतील. सतत ८५ डेसिबलच्या वर आठ-आठ तास काढले की जातातच. तसं मी म्हटलंही. तो हसला. "मागांनी उरलेलं नेलं, सर. मला शाळेतही कमीच ऐकू यायचं."

तो माझ्या वर्गात तीन वर्षं होता, शेवटच्या बाकावर. शुद्धलेखनात शब्दाला शब्द चुकवायचा. मी सांगितलेल्या 'ताट'चं त्याच्या वहीत 'काट' व्हायचं. मी लक्ष नाही म्हणून ओरडायचो. माझा आवाज खणखणीत, दोन वर्गांपलीकडे जायचा, त्याचा मला अभिमान होता. तीन वर्षं मी त्या मुलासाठी आवाज वाढवत राहिलो आणि त्याच्या बाजूने जाऊन एकदाही सांगितलं नाही. साठ मुलांच्या वर्गात त्याला तिसऱ्या बाकावर आणायला दोन मिनिटं लागली असती. त्याने मला दोष दिला नाही. चहा पाजला.

म्हणून वाचकांत जे शिक्षक आहेत त्यांना विनंती. 'ढ' म्हणण्याआधी मुलाला एकदा पुढे बसवून, पाठमोरं करून, हलक्या आवाजात ताट-काट-पाट-वाट सांगून बघा. मग सरळ कानाच्या डॉक्टरांकडे पाठवा. आणि घरात कोणी "मला नाही आता आवडत" म्हणून आत जाऊन बसलं असेल, तर ते खरंच आवडत नाही का, हे एकदा तपासा.

त्या सभागृहाच्या मंडळींना मी पत्र दिलंय, चार लहान स्पीकर बाजूंना आणि दोन मागे, खर्चाच्या अंदाजासह. "बघू" म्हणालेत. माजी विद्यार्थ्यासाठी पाट्यांची दुसरी जोडी कापून झाली आहे. फेविकॉलचा पहिला हात वाळतोय, या वेळी दोन्ही बाजूंना लावलाय. उमरोळीला राहतो तो. रविवारी नातवाला घेऊन बसवून देईन, आणि कानाच्या डॉक्टरांकडे जायला त्याला तयार करीन.

आमच्याकडे संध्याकाळी साडेसातला पुन्हा भांडण सुरू झालंय. कुठली मालिका लावायची, यावर.